लट्टलूरचं घराणं

इसवी सन ८६७. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ज्या सम्राटाने वर आणलं त्याच मायकेल तिसऱ्याचा खून पाडून बेसिलने गादी बळकावली आहे. सामर्ऱ्यात तुर्की सरदार एका खलिफाला बसवतात, दुसऱ्याला उतरवतात. इंग्लंडात डेन लोकांच्या फौजेने यॉर्क घेतलं आहे. आणि आपल्या दख्खनमध्ये, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी मान्यखेट नावाच्या राजधानीत, एक राजा ५३ वर्षं गादीवर बसून आहे.

'क्रुसेडर किंग्ज ३' हा संगणकावरचा खेळ याच वर्षापासून सुरू करता येतो. १०६६पासूनही करता येतो, आणि जगभरातले पुष्कळ खेळाडू तेच वर्ष घेतात, कारण नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या बेतात असतो. मी मात्र ८६७ घेते, नकाशा ओढत दख्खनवर आणते आणि त्याच राजाचं घराणं, राष्ट्रकूट, निवडते. इतर घराणी मी खेळले आहे, काही फार आवडलीही आहेत. तरी नवा डाव मांडताना हात पुन्हा मान्यखेटवरच जातो, आणि तो का जातो हे एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इतर बहुतेक डावपेचांच्या खेळांत तुम्ही एक देश असता. इथे तुम्ही एक माणूस असता आणि त्या माणसामागे त्याचं घराणं असतं. राजाला स्वभाव असतो, आजारपण असतं, बायको, मुलं, रुसलेला चुलतभाऊ, पैशाचा लोभी सामंत असे सगळे असतात. स्वभावाविरुद्ध काही करायला लावलं की त्याच्या मनावर ताण चढतो. राजा मेला की खेळ थांबत नाही, तुम्ही त्याच्या वारसाच्या अंगात शिरता. खेळ संपतो तो घराण्यात कुणी वारस उरला नाही म्हणजे, किंवा १४५३ साल उजाडलं म्हणजे. त्यामुळे घराणं निवडताना खरा प्रश्न असतो तो हा, की पुढची काही शतकं तुम्हाला कुणाच्या घरची काळजी वाहायची आहे.

या प्रश्नाला लोकांनी दिलेली उत्तरं वाचायला मला मनापासून आवडतात. कुणी ओटव्हिल घेतो. नॉर्मंडीतल्या एका साध्या सरदाराची बारा मुलं, त्यातली बरीचशी नशीब काढायला दक्षिण इटलीत जातात आणि त्यांच्यातल्या धाकट्या रॉजरचा मुलगा ११३०च्या नाताळात पालेर्मोला राजा म्हणून अभिषिक्त होतो. कुणी रशियाकडच्या रुरिकच्या वंशजांपासून सुरुवात करतो, कुणी कोम्निनोस घेऊन बायझंटियम सावरायला बसतो. भारतात खेळणाऱ्यांचा ओढा चोळांकडे जास्त. ते समजण्यासारखं आहे. ८६७ला विजयालय हा तंजावरच्या आसपासचा एक छोटा राजा आहे, आणि दीडशे वर्षांनी त्याच्या वंशजांचं आरमार सुमात्रातल्या श्रीविजयावर चाल करून जाणार आहे. लहानाचं मोठं होण्यासारखी गोष्ट खेळात दुसरी नाही.

मराठी खेळाडू यादवांचं नाव काढतात. महाराजांच्या काळात खेळावंसं प्रत्येकालाच वाटतं, पण १४५३ची मर्यादा ओलांडता येत नाही, म्हणून मग देवगिरी. यादवांबद्दल माझं प्रेम कमी नाही. ज्यांच्या राज्यात ज्ञानेश्वरी झाली, लीळाचरित्र ज्यांचं नाव जागोजागी घेतं, त्या घराण्याला आपलं म्हणायला दुसरं कारण लागू नये. पण ८६७ला हे यादव कुठे आहेत? त्यांचे पहिले पूर्वज नाशिक-सिन्नरच्या परिसरात आपलं ठाणं वसवत आहेत, आणि ते राष्ट्रकूटांचे मांडलिक आहेत. कोकणात शिलाहार आहेत, तेही राष्ट्रकूटांचे मांडलिक. महाराष्ट्राच्या मध्ययुगात पुढे जे जे कुणी मोठं होणार आहे, त्यातलं जवळजवळ प्रत्येक घराणं त्या वर्षी मान्यखेटच्या दरबारात हात जोडून उभं आहे.

आता माझ्या स्वतःच्या ओढीचं कारण. मी मूळची लातूरची. सिरूर आणि नीलगुंद इथल्या शिलालेखांत मान्यखेटच्या या राजाला 'लट्टलूरपुरपरमेश्वर' म्हटलं आहे. लट्टलूर म्हणजे लातूर असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी दूर गेली, साम्राज्य नर्मदेच्या पलीकडे पसरलं, तरी हे लोक बिरुदावलीत आपल्या मूळ गावाचं नाव सांभाळून होते. ते शिलालेख ८६६ सालचे आहेत. खेळ सुरू होतो त्याच्या एकच वर्ष आधी कुणीतरी दगडावर माझ्या गावाचं नाव कोरत होतं आणि त्याच लेखात अंग, वंग, मगध, माळवा आणि वेंगीचे राजे या राजाला मानतात असं लिहीत होतं. त्या दाव्यात प्रशस्तीकाराचा हात सढळ आहे हे मला कळतं. पण दुष्काळ, भूकंप आणि रेल्वेने आलेलं पाणी एवढ्याच कारणांनी बातम्यांत येणाऱ्या गावाच्या मुलीला ते वाचून काय वाटलं असेल, याचा अंदाज मराठवाड्यातल्या वाचकांना येईल. शाळेत आम्हाला यातलं फारसं काही सांगितलं नव्हतं. वेरूळची सहल होती, पण ज्यांनी वेरूळ कोरलं त्यांचं घर आमच्याकडचं असावं हे कुणी बोललं नाही. शेजारच्या कंधारला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. जगत्तुंग हे या राजाच्या बापाचं, गोविंद तिसऱ्याचं बिरुद. ते नाव अजून लोकांच्या तोंडात आहे.

तर ८६७चा तो राजा म्हणजे अमोघवर्ष. मूळ नाव शर्व. बाप गोविंद तिसरा मोहिमेवर असताना गुजरातेत श्रीभवन इथे ८००च्या सुमारास याचा जन्म झाला. ८१४ला बाप गेला तेव्हा हा चौदा वर्षांचा पोर. गुजरात शाखेचा चुलतभाऊ कर्क सुवर्णवर्ष कारभार बघायला होता, तरी सामंतांनी बंड केलं, मुलाला गादी सोडावी लागली आणि ८२१च्या सुमाराला ती त्याच कर्काच्या मदतीने परत मिळाली. ज्याच्या आयुष्याची सुरुवात अशी झाली त्या माणसाने पुढे एकूण ६४ वर्षं राज्य केलं. खेळात तुमच्या हाती येतो तो सदुसष्टीचा म्हातारा. त्याच्यापुढे फार वर्षं उरलेली नाहीत आणि मागे प्रचंड राज्य आहे.

चोळ खेळणाऱ्याला पहिल्या दिवशी विचार करावा लागतो कुणाला जिंकू. राष्ट्रकूट खेळणाऱ्याला विचार करावा लागतो, हा राजा गेल्यावर हे सगळं एकत्र राहील कसं. त्या काळात, खेळातसुद्धा, बापाची मालमत्ता वारसांमध्ये वाटली जाते. मुलं जितकी जास्त, तितके वाटे जास्त. नवा राजा गादीवर आला की सुरुवातीला सामंतांना त्याच्याबद्दल भरवसा नसतो, म्हाताऱ्या राजाने अर्ध्या शतकात कमावलेला मान त्याच्याबरोबर जातो, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत बंडं उठतात. इतिहासातही हे झालंच होतं. अमोघवर्ष हयात असतानाच युवराज कृष्ण बंडखोरांना मिळाल्याचं कोन्नूरच्या लेखावरून दिसतं. ते बंड मोडायला धावून आला बंकेय. हा घराण्याचा भाऊबंद नव्हता. बनवासीचा कारभार बघणारा सेनापती होता, आणि राजाने त्याच्यावर जो विश्वास टाकला तो त्याने शेवटपर्यंत सांभाळला. कर्नाटकातलं बंकापूर त्याच्याच नावाचं.

मी हे घराणं खेळायला लागले तेव्हापासून माझी खेळण्याची चालच बदलली. पहिली काही वर्षं मी एकही युद्ध करत नाही. सामंतांकडे बघते. कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा आपल्याकडे वाढवायला आणता येईल, कोण कुणावर चिडलेला आहे. मंत्र्याला सर्वांत नाराज सामंताकडे पाठवते. ज्याला युद्धाची हौस आहे त्याला हे रटाळ वाटेल. मला यात सगळा रस आहे, कारण खुद्द अमोघवर्षाने हेच केलं होतं. म्हैसूरकडच्या गंग राजांशी राष्ट्रकूटांचं वैर पिढ्यानपिढ्या चाललेलं. बंकेयाने तिथे मोहीम काढली, पण भांडण मिटलं ते लग्नाने. अमोघवर्षाने आपली मुलगी चंद्रोबलब्बे गंगांच्या बुतुगाला दिली. पुढे ९४९ला तक्कोलमच्या लढाईत चोळ युवराज राजादित्य मारला गेला, त्याला मारणारा होता याच गंग घराण्यातला दुसरा बुतुग, कृष्ण तिसऱ्याचा मेहुणा. राष्ट्रकूटांचा दक्षिणेतला सगळ्यात मोठा विजय सोयरिकीच्या जोरावर उभा होता, आणि त्या सोयरिकीची पहिली गाठ एका म्हाताऱ्या राजाने बांधली होती. आठ-नऊ दशकांनी फळ देणारी चाल! असा डाव मला खेळात एकदा जमला तरी मी दिवसभर खुशीत असते.

उत्तरेचा मोह मात्र प्रत्येक डावात होतो. वर कनौज आहे, तिथे प्रतीहारांचा मिहिर भोज बसला आहे, पूर्वेला बंगालचे पाल आहेत, आणि या तिघांमध्ये कनौजवरून चाललेली ओढाताण हा त्या काळाच्या राजकारणाचा कणा आहे. राष्ट्रकूट त्यात कुणापेक्षाही कमी नव्हते. गोविंद तिसऱ्याचा बाप ध्रुव गंगा-यमुनेच्या दोआबात जाऊन आला. गोविंद तिसऱ्याबद्दल संजानचा ताम्रपट सांगतो की त्याचे घोडे हिमालयातल्या झऱ्यांचं पाणी प्यायले. पुढे ९१६च्या सुमाराला इंद्र तिसऱ्याने कनौज घेतलं, आणि त्याच्या हत्तींनी दातांच्या टोल्यांनी कालप्रियाच्या देवळाचं अंगण उंचसखल करून टाकलं असं खंबायतचा ताम्रपट म्हणतो. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेल्याचं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच्या साडेनऊशे वर्षं आधी दख्खनचे घोडे हिमालयाच्या पायथ्याशी पोचले होते, ही गोष्ट आपल्या बोलण्यात का येत नाही ते मला खरंच कळत नाही.

पण हे सगळे राजे परत आले. प्रत्येक वेळी आले. ध्रुव परतला, गोविंद परतला, इंद्रही परतला. मान्यखेटपासून कनौज म्हणजे मधे गोदावरी, तापी, नर्मदा, विंध्य, माळवा. तिकडे सैन्य नेता येतं, तिथून खंडणी आणता येते, पण पावसाळ्यानंतर पावसाळा तिथे बसून राहता येत नाही, कारण पाठीमागे आंध्रातल्या वेंगीचे चालुक्य टपलेले असतात. खेळात मी याचा अनुभव घेतला आहे. गंगेकाठचे प्रांत जिंकले की नकाशावर रंग मस्त पसरतो. मग राजा मरतो, आणि उत्तरेतले सामंत एकाच वेळी उठतात, फौज निघते तोवर अर्धं वर्ष जातं, आणि तेवढ्यात पूर्वेकडून वेंगी. ८६७ला वेंगीवर गुणग विजयादित्य आहे, त्या घराण्यातला सगळ्यात कर्तबगार राजा. अमोघवर्ष गेल्यावर त्याने कृष्ण दुसऱ्याला असं सळो की पळो केलं की त्याच्या सेनापतीने किरणपूर आणि आपल्या अमरावतीकडचं अचलपूर जाळल्याचं वेंगीकरांचे लेख सांगतात. म्हणून मी उत्तरेला जातच नाही. नर्मदा ही माझी मर्यादा. त्यातून मिळालेलं स्वास्थ्य मी वेंगीशी संबंध सांभाळण्यात खर्च करते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिच्याकडे येते.

या खेळात प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक मुलखाला एक संस्कृती आणि एक धर्म असतो. एकच. कन्नड किंवा मराठी. जैन किंवा हिंदू. खेळ बनवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आयर्लंडपासून भारताच्याही पलीकडचा नकाशा चालवायचा तर काहीतरी खाती पाडावीच लागतात. पण राष्ट्रकूट खेळताना त्या खात्यांचा जाच होतो, आणि तो जाच मला मोलाचा वाटतो, कारण त्यातूनच हे घराणं काय होतं ते उलगडत गेलं.

भाषेपासून बघा. राष्ट्रकूट कन्नड होते. अमोघवर्षाच्या दरबारात कन्नडमधला उपलब्ध असलेला सगळ्यात जुना ग्रंथ, कविराजमार्ग, तयार झाला आणि त्याला राजाचंच नाव जोडलेलं आहे. त्यात कन्नड देशाची हद्द सांगितली आहे कावेरीपासून गोदावरीपर्यंत. गोदावरीपर्यंत! लातूर तर सोडाच, नांदेडचा अर्धा मुलूख त्यात आला. मराठी माणसाने हे वाचून फुरफुरायची गरज नाही. त्याच्या कितीतरी आधी, ७७९ला, पार राजस्थानातल्या जालोरला लिहिलेल्या कुवलयमाला या प्राकृत ग्रंथात बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचं वर्णन येतं. तिथला मरहट्ठा दणकट, सावळा, सोशीक, मानी, भांडखोर आहे आणि 'दिण्णले', 'गहिल्ले' असं बोलतो. म्हणजे आपण होतो. दिलं-घेतलं करत बाजारात उभे होतो. राजा कन्नडमध्ये काव्यशास्त्र करवून घेत होता, ताम्रपट संस्कृतात निघत होते, प्रजेत मराठीही बोलली जात होती, आणि या सगळ्यांचं एकाच राज्यात चाललं होतं.

आज त्याच मुलखावरून दोन राज्यं किती वर्षं भांडत आहेत ते मी सांगायला नको. लातूरकरांना उदगीर-देवणीच्या पलीकडची भाषा परकी वाटत नाही. आमच्याकडच्या कित्येक घरांत सून बिदर-भालकीची असते, आणि मुलं आजोळी गेली की कन्नड ऐकत मोठी होतात. माझ्या आजीच्या बोलण्यात दोन्ही भाषा एका वाक्यात येत आणि तिला त्याचं भानही नसे. राष्ट्रकूट कुणाचे, महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे, या वादात मी म्हणूनच पडत नाही. ते त्या माणसांचे होते जी दोन्ही बोलत.

खेळात २०२२ पासून दोन संस्कृतींचा संगम घडवून तिसरी संस्कृती उभी करता येते. त्यासाठी दोन्ही समाजांना एकमेकांची सवय व्हावी लागते. एका राज्यात बरीच वर्षं नांदावं लागतं, आणि राजाला त्यापायी आपली प्रतिष्ठा खर्च करावी लागते. मान्यखेटच्या प्रत्येक डावात मी कन्नड आणि मराठीचा असा संगम करते. नव्या संस्कृतीला नाव द्यायची मुभा असते. मी तिला 'लट्टलूर' म्हणते. त्या क्षणी नकाशावर गोदावरीच्या दोन्ही काठांचे रंग एक होतात. मला या खेळातलं इतकं आवडणारं दृश्य दुसरं नाही.

धर्माचंही तसंच. अमोघवर्ष जैन आचार्य जिनसेनांना गुरू मानत होता. गणिती महावीराचार्यांनी आपल्या गणितसारसंग्रहाच्या आरंभी त्याच्या राज्याचं कौतुक केलं आहे. प्रश्नोत्तररत्नमालिका नावाची छोटी रचना त्याच्या नावावर आहे आणि तिच्या शेवटी म्हटलं आहे की विवेकाने राज्य सोडलेल्या अमोघवर्षाने ही केली. मग खेळाने याला जैन ठरवायचं का? आता संजानचा ८७१ सालचा ताम्रपट पाहा. प्रजेवर संकट आलं तेव्हा या राजाने आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं तो सांगतो, आणि त्याची गाठ जीमूतवाहन, शिबी, दधीची यांच्याशी घालतो. ही महालक्ष्मी म्हणजे आपली कोल्हापूरची अंबाबाई, असं अभ्यासक समजतात. अहिंसेचा उपदेश ऐकणारा राजा देवीपुढे स्वतःचं बोट ठेवतो. खेळातल्या धर्माच्या खात्यात ही गोष्ट लिहायला जागाच नाही. कोल्हापूरला जाऊन रांगेत उभं राहताना मला हल्ली हा राजा आठवतो. आपल्या अंगावर संकट घेणारा राजा ही कल्पना किती जुनी आहे, आणि आपल्याच मातीतली आहे!

याहून पुढची गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. साल ९२६, राजा इंद्र तिसरा. संजानच्या मंडलाचा कारभार तेव्हा मुहम्मद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. तो मुलूख त्याला कृष्ण दुसऱ्याने दिला होता. संस्कृत ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, आणि त्याला सुगतिप असंही म्हटलं आहे. या मुहम्मदाने नदीवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली आणि भात-तूप वाढणारं अन्नछत्र घातलं. ताम्रपट ज्यासाठी निघाला ते काम तर त्याहून विलक्षण आहे. भगवतीच्या एका मठाला जमीन द्यायची होती आणि इंद्राच्या संमतीने ते दान दिलं याच मुहम्मदाने. अरब प्रवाशांनी या घराण्याला बल्हारा म्हटलं, जगातल्या चार थोर राजांत त्याची गणना केली आणि अरबांशी याच्याइतकं सलोख्याने वागणारा राजा हिंदुस्थानात दुसरा नाही असं नोंदवून ठेवलं. चौल-संजानच्या बंदरांवर त्यांचा व्यापार चालायचा, जकात राजाला मिळायची, दोन्ही बाजूंचा फायदा होता. फायद्यासाठी केलेला सलोखा हलका असतो असं मी मानत नाही. मठाच्या जमिनीपर्यंत पोचलेला सलोखा तर मुळीच नाही.

खेळात परधर्माच्या माणसाला प्रांत दिला की तो राजावर तितकासा खूश नसतो, आणि तिथली प्रजा त्याच्यावर नाराज राहते. डावपेच म्हणून हे तोट्याचं आहे. तरीही संजान मी एखाद्या मुसलमान दरबाऱ्याला शोधून देते. तो बंडात सामील होतो की नाही ते बघते, त्याची मुलं दरबारात आणून वाढवते. हा तोटा मला परवडतो. जे घराणं प्रत्यक्षात असं वागलं, ते माझ्या हातात आल्यावर त्याहून कोत्या मनाचं व्हावं हे मला सहन होत नाही.

वेरूळबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एवढंच, की कृष्ण पहिल्याने कैलास कोरवला तो ८६७च्या सुमारे शंभर वर्षं आधी, म्हणजे अमोघवर्षासाठी ती पणजोबांच्या वेळची गोष्ट. बडोद्याच्या ८१२च्या ताम्रपटात म्हटलं आहे की विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि ज्याने ते घडवलं तो कारागीरही म्हणाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं. राजाच्या दानपत्रात कारागिराच्या मनात डोकावायची बुद्धी ज्या कवीला झाली, तो मला फार जवळचा वाटतो.

आणि शेवट. खऱ्या इतिहासातला शेवट मला माहीत असतो आणि तो प्रत्येक डावात माझ्या डोक्यावर टांगलेला असतो. कृष्ण तिसरा ९६७ला गेला. त्याने दक्षिण जिंकताना खूप मुलूख सामंतांना वाटून टाकला होता, पाठचा भाऊ खोट्टिग वयस्क, आणि ९७२ला माळव्याच्या सीयक परमाराने थेट मान्यखेट लुटलं. पुष्पदंत हा अपभ्रंशातला मोठा कवी तिथे राहत होता. धारेच्या राजाच्या कोपाग्नीत हे सुंदर नगर जळालं, आता पुष्पदंत कवी राहील कुठे, असा श्लोक तो लिहून गेला आहे. पुढच्याच वर्षी, ९७३ला, तर्दवाडीचा सामंत तैलप उठला आणि राष्ट्रकूटांची सत्ता गेली. विंध्यापलीकडे हत्ती नेणारं घराणं आपल्याच एका सामंताच्या हातून दोन वर्षांत संपलं. परमाराच्या एका धाडीने एवढं साम्राज्य कोसळत नाही. ती धाड पडली तेव्हा मदतीला धावून जाणारा बंकेय कुणी उरला नव्हता, हे मला त्यातलं खरं कारण दिसतं.

तैलप हा जुन्या बदामीच्या चालुक्यांचा वंश सांगायचा, त्यामुळे पुस्तकांत याला चालुक्यांचं पुनरागमन म्हणतात. पण त्याची राणी जाकव्वा राष्ट्रकूटांची मुलगी होती. कल्याणीच्या चालुक्यांच्या पुढच्या पिढ्या, सत्याश्रयापासून सहाव्या विक्रमादित्यापर्यंत, तिच्याच वंशातल्या. खेळाच्या हिशेबात मूल बापाच्या घराण्याचं धरलं जातं. लग्न ठरवतानाच मुलं आईच्या घराण्याची राहतील अशी अट घातली असेल तरच ती आपली. त्या हिशेबाने ९७३ला पडद्यावर 'खेळ संपला' अशी पाटी लागली असती, आणि जाकव्वा त्यात कुठेच दिसली नसती.

माझ्या डावात मी तर्दवाडीचं ते घर पहिल्या पन्नास वर्षांतच हुडकून ठेवते. त्यांच्यात मुलगा जन्मला की आपल्याकडे मुलगी आहे का बघते. अट मान्य होत असेल तर घालते, नसेल तर नाही घालत, लग्न मात्र करते. सध्याचा डाव ९४० सालात आहे. राजा तरुण आहे, उत्तरेकडून बोलावणी येतायत आणि मी ती नाकारते आहे. वेंगीशी तह आहे. संजानला एक अरब बसवला आहे, त्याच्या थोरल्या मुलाची मुंज म्हणावी तशी शिक्षणाची सुरुवात मान्यखेटला झाली आहे. आणि तर्दवाडीच्या घरात गेल्या वर्षी मुलगा झाला.